टोपी बदलायची की निपल? किनवट तालुक्यातल्या एका ठासणीच्या बंदुकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठच्या डोंगराळ पट्ट्यात जंगलाला खेटून असलेलं एक गाव. कुटुंबाची जमीन हलकी ते मध्यम. खरिपात कापूस, तूर, सोयाबीन आणि रब्बीत हरभरा नि थोडी ज्वारी. शेत आणि जंगल यांच्यामध्ये एक नाला तेवढा आहे. सोयाबीन भरायला लागलं की रानडुकरं येतात आणि हरभरा घाटे धरतो तेव्हा रोही (नीलगायी) येतात. डुकरांचा कळप एका रात्रीत जेवढं खातो, त्याहून जास्त लोळून आणि उकरून घालवतो.

कुटुंबप्रमुखांना इथे आबा म्हणू. वय सत्तरीच्या आसपास. त्यांच्या नावावर पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. आधी तो वडिलांच्या नावावर होता आणि वडील गेल्यावर रीतसर अर्ज करून आबांच्या नावावर झाला. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे डोंगरकडेच्या गावांत असे जुने परवाने अजून सापडतात.

बंदूक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतून गजाने ठासायची. एकनळी, आतून गुळगुळीत, टोपीवर चालणारी. टोपी म्हणजे आघाताने फुटणारा मसाला असलेली तांब्याची छोटी वाटी, आणि ती जिच्यावर बसवतात ती बारीक भोकाची नळकांडी म्हणजे निपल. परदेशात नळीला आतून पेच असलेल्या ठासणीच्या रायफली शिकारीला आणि नेमबाजीला वापरतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याची बंदूक तशी नसते, पण आग लागण्याची रीत दोन्हींत एकच. घोडा टोपीवर आपटतो, टोपी निपलवर फुटते, तिची ठिणगी निपलच्या बारीक भोकातून आत जाते आणि दारू पेटते. आबांनी या बंदुकीत छर्रा घालणं केव्हाच सोडलं आहे. दारू, वर कागदाचा डाट (बोळा) आणि आकाशाकडे नळी, एवढाच वापर. रानडुक्कर असो की रोही, वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

माझा संबंध आला तो लष्करात शस्त्रदुरुस्तीच्या कामात नोकरी झाल्यामुळे. निवृत्तीनंतर शेजारच्याच तालुक्यात राहतो. आबांचा मुलगा ओळखीतून माझ्याकडे आला.

अडचण

२०२४ हे दोन निवडणुकांचं वर्ष होतं. आधी लोकसभा, मग नोव्हेंबरात विधानसभा. आचारसंहितेत परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, तशी ही बंदूकही दोनदा जमा झाली. गंज लागू नये म्हणून जमा करण्याआधी मुलाने ती तेलाने न्हाऊ घातली होती. नळीत तेल, घोड्यात तेल, निपलवर तेल.

बंदूक परत आली तेव्हा हरभरा शेतात उभा होता. पहिल्या रात्री बार उडाला नाही. टोपी वाजली, पण आत काहीच नाही. दुसरी टोपी लावली, ती वाजलीच नाही. घोडा परत ओढून पुन्हा मारला तेव्हा वाजली. तिसऱ्या वेळी टोपी वाजल्यावर क्षणभर शांतता आणि मग बार. तोवर मुलाने नळी खाली आणायला सुरुवात केली होती. कुणाला लागलं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस असेच गेले. शेवटी एका रात्री बार उडालाच नाही आणि आत दारू आहे की नाही याची खात्री नसल्यामुळे मुलाने वरून आणखी एक माप ओतून ठासलं. तीही पेटली नाही. बंदूक तशीच भरलेली आखाड्यावर (शेतातल्या गोठा-झोपडीच्या जागी), कडब्याच्या गंजीशेजारी, भिंतीला टेकून ठेवली होती.

मुलगा माझ्याकडे आला तो प्रश्न घेऊन नव्हे, उपाय घेऊन. म्हणाला, "काका, टोपीचं युग गेलं. मोबाईलवर बघितलंय, टोपीच्या जागी दुसरं काय काय बसवतात. आपल्यालाबी काहीतरी बसवून द्या."

पहिला निर्णय : भरलेली बंदूक आधी रिकामी करणे

ठिणगीचा विचार नंतर. दुहेरी भरलेली बंदूक आखाड्यावर उभी आहे, हे ऐकल्यावर दुसरं काही बोलण्यात अर्थ नव्हता. आखाड्यावर पोचल्यावर आबांनाच काम करायला सांगितलं, कारण परवाना त्यांचा. घोडा अर्ध्या चापावर (अर्धाच ओढून अडकवलेला), निपलवर टोपी नाही याची खात्री, नळी माणसांपासून आणि गंजीपासून दूर. मग नळीच्या तोंडातून पाणी ओतून दारू पुरती भिजवली. काळी दारू पुरती ओली असेपर्यंत पेटत नाही. गजाच्या टोकाला पेच लावून दोन्ही डाट ओढून काढले आणि चिखल झालेली दारू धुऊन टाकली.

त्यानंतर रिकाम्या नळीत गज घालून तोंडाशी जिथे तो येतो तिथे एक खूण केली. एक माप दारू आणि डाट ठासल्यावर गज कुठे येईल, त्याची दुसरी खूण. या दोन खुणा असत्या तर दुहेरी भरणी झालीच नसती. ठासणीची बंदूक असलेल्या प्रत्येक घरात त्या असायला हव्यात, आणि खर्च शून्य.

समोर असलेले पर्याय

मुलाने आणलेले पर्याय मी उडवून लावले नाहीत. जगात हे सगळं खरंच झालेलं आहे आणि प्रत्येकामागे कुणाची तरी खरी गरज होती. म्हणून एकेक घेऊन आम्ही ओसरीवर बसलो.

पहिला पर्याय त्याच्या डोक्यात सगळ्यात पक्का होता : दिवाळीच्या खेळण्यातल्या टिकल्या. पत्र्याची छोटी वाटी करून तिच्यात टिकलीचा मसाला भरायचा आणि ती टोपी म्हणून वापरायची. याला मी तिथेच नाही म्हटलं. टिकलीतल्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. घर्षणाने, नखाच्या दाबानेही भडकणाऱ्या मिश्रणांत याची गणना होते. एकेक टिकली वाजवायला ठीक, पण मसाला गोळा करायला गेलेल्या माणसाची बोटं आणि डोळे धोक्यात येतात. शिवाय घरी केलेली वाटी निपलवर नीट बसत नाही आणि फुटल्यावर तिचे तुकडे नेमबाजाच्या तोंडाकडेच येतात. कायद्याच्या बाजूने बघितलं तर हे दारूगोळा तयार करणंच झालं, आणि तो परवाना आबांकडे नाही. आगकाडीच्या गुलालाही तेच उत्तर.

मुलगा म्हणाला, मग टिकल्यांची पट्टी? प्रत्येक वेळी घोडा ओढला की पुढची टिकली येईल असं काही? ही कल्पना मात्र जुनी आणि मोठ्या माणसाची आहे. अमेरिकेतले दंतवैद्य एडवर्ड मेनार्ड यांनी १८४५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. कागदाच्या दोन थरांत मसाल्याचे ठिपके, त्याची गुंडाळी बंदुकीच्या कुलपात (घोड्याच्या यंत्रणेत), घोडा ओढला की पुढचा ठिपका निपलवर. अमेरिकन लष्कराने १८५५ च्या स्प्रिंगफील्ड बंदुकीत ती यंत्रणा घेतली. मैदानात कागदाला ओल लागायची, ठिपके फुसके जायचे. १८६१ च्या नमुन्यात ती काढून टाकून सरळ साधी तांब्याची टोपी परत आणली. ज्यांच्याकडे कारखाने होते त्यांना जे ओलीमुळे जमलं नाही, ते आपल्या श्रावणात जमणार नाही.

दुसरा पर्याय चकमकीचा. गारगोटी आणि पोलाद, कानात (नळीच्या बाजूच्या भोकात) रंजक (आग लावायची बारीक दारू), टोपीची कटकटच नको. आबांना हा मनापासून आवडला, कारण टोपी मिळवण्यासाठीची वणवण त्यांनी आयुष्यभर केली आहे. तोफेला कान असतो आणि त्यात रंजक भरून बत्ती देतात, हे परांड्याच्या किल्ल्यातल्या तोफा पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. चकमकीची बंदूक म्हणजे तेच तत्त्व हातात मावेल इतकं लहान केलेलं. पण टोपी आली ती चकमकीच्या दोषांतूनच. स्कॉटलंडमधल्या बेल्हेल्वीचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना पक्ष्यांच्या शिकारीला जाताना दिसलं, की रंजक भडकताच पक्षी सावध होतो आणि बार निघेपर्यंत उडून जातो. त्यांनी आघाताने पेटणारा मसाला वापरून १८०७ मध्ये पेटंट घेतलं. त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत तांब्याची टोपी रूढ झाली आणि जुन्या चकमकीच्या बंदुका हजारोंनी टोपीवर आणल्या गेल्या. आता उलट जायचं तर पूर्ण कुलूप बदलायला हवं आणि नळीला बाजूने नवा कान पाडायला हवा. त्यातून उघड्यावरची रंजक पावसात भिजणार ती भिजणारच.

तिसरा पर्याय मोठ्या टोपीचा. लष्करी बंदुकांना, म्हणजे १८५३ च्या एनफिल्डसारख्यांना, कडेला चार पाकळ्या असलेली मोठी टोपी लागायची. थंडीत किंवा अंधारात बोटांनी धरायला सोपी, आणि ठिणगी जास्त. निपल तेवढं बदललं आणि घोड्याच्या पेल्यात ती मोठी टोपी मावली की काम होतं. तांत्रिकदृष्ट्या हा पर्याय सगळ्यांत सुसह्य. पण आपल्या भागात लहान टोपी मिळायचीच मारामार, तिथे मोठी कुठून आणणार?

चौथा, ज्याचे व्हिडिओ मुलाने सगळ्यात जास्त पाहिले होते, तो २०९ क्रमांकाच्या प्रायमरचा, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या छोट्या टोपीचा. हा मुळात छर्‍याच्या काडतुसाच्या बुडाला असतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत टोनी नाईट यांनी निपल नळीच्या सरळ मागे असलेली ठासणीची रायफल आणली आणि त्या धाटणीच्या रायफलींत पुढे हा प्रायमर सर्रास आला. जुन्या निपलच्या जागी बसणाऱ्या, पेचाचं झाकण असलेल्या डब्याही निघाल्या, ज्यात हा प्रायमर ठेवतात आणि घोडा झाकणातल्या खिळ्यावर आपटतो. पावसापासून आडोसा आणि ठिणगी भरपूर. मात्र तिकडे ही एवढी आग लागते ती बहुतांशी बदली (काळ्या दारूऐवजी वापरायच्या) दारूसाठी. पायरोडेक्ससारख्या दारूला पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त तापमान लागतं. आबांच्या बंदुकीत साधी काळी दारू जाते आणि ती साध्या टोपीच्या ठिणगीवर लगेच पेटते. म्हणजे जी कमतरता नाहीच, तिच्यावरचा हा उपाय होता. जोडीला, हाताने घडवलेल्या जुन्या निपलच्या आट्यांवर (पेचाच्या खाचांवर) जास्तीचा दाब. मी याच्या विरोधात होतो आणि आहे.

बॅटरीवर पेटणाऱ्या ठासणीच्या रायफलीही तिकडे एका कंपनीने काही वर्षांपूर्वी विकल्या. मुलाला त्याचं फार कौतुक. इथे त्यावर वेळ घालवला नाही.

मग दोष नेमका कुठे?

पर्यायांची चर्चा चालू असताना आबा एकदम म्हणाले, "आरं पर ही बंदूक माझ्या बापाच्या हातात कधी फुसकी गेली न्हाई. आत्ताच काय झालं हिला?" या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच.

मुलाने जे सांगितलं होतं त्यात तीन वेगवेगळी लक्षणं होती आणि त्याने ती एकत्र करून 'बंदूक बिघडली' असं नाव दिलं होतं. टोपी वाजते पण बार नाही, याचा अर्थ टोपी ठीक आहे आणि मधली वाट बंद आहे. पहिल्या घोड्याला टोपी वाजत नाही आणि दुसऱ्याला वाजते, म्हणजे टोपी निपलवर पूर्ण बसत नाही. पहिला ठोका तिला खाली दाबण्यातच जातो. आणि उशिरा बार, म्हणजे ठिणगी पोचते पण अर्धीमुर्धी, किंवा दारू ओलसर आहे.

निपल काढून पाहिलं तर भोकात तेल आणि जुन्या दारूची काजळी मिळून डिंकासारखा गोळा झाला होता. जमा करण्याआधी ओतलेलं तेल महिनोन् महिने तिथे बसलेलं. नळीच्या बुडाशीही तेल होतं आणि दर वेळी ओतलेली दारू त्यातच पडत होती.

निपलचं टोक चेपून छत्रीसारखं पसरलं होतं. घरातली पोरं टोपी न लावता घोडा 'टक्‌टक्' वाजवत असतात, हे तेव्हा कळलं. त्यातून नवी डबी वेगळ्या कारखान्याची होती. तिच्या टोप्या जरा घट्ट, आणि पसरलेल्या टोकावर त्या अर्ध्यातच अडकत. जुन्या डबीतल्या उरलेल्या टोप्या चुलीवरच्या फळीवर ठेवलेल्या. पावसाळाभर वाफ आणि ओल खाऊन त्यांतल्या काही मेलेल्या होत्या.

घोड्याची कमान (स्प्रिंग) मात्र शाबूत होती.

निर्णय

पेटवण्याची पद्धत बदलायची नाही. आहे ती पूर्ववत करायची. मुलगा थोडा हिरमुसला, पण तिन्ही लक्षणांची कारणं डोळ्यांनी पाहिल्यावर त्याने वाद घातला नाही.

दुसरा प्रश्न, निपल कोण बदलणार? माझ्या हातात ते काम होतं. पण शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि निवृत्त माणसाची जुनी नोकरी म्हणजे परवाना नव्हे. मी पैसे घेणार नव्हतो, तरी जिल्ह्याच्या ठिकाणच्या परवानाधारक कारागिराकडेच जायचं असं ठरवलं. आबांच्या कागदपत्रांत उद्या कुणी बोट दाखवू नये, हे मला दोनशे-तीनशे रुपयांच्या बचतीपेक्षा महत्त्वाचं वाटलं. साफसफाई तेवढी आबांनी स्वतः केली.

प्रत्यक्ष काम

गरम पाणी आणि साबण. काळ्या दारूची राख पाण्यात विरघळते, तेलात नाही. रॉकेलने किंवा तेलाने पुसून ती हलत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. नळी निपलच्या बाजूने पाणी बाहेर येईपर्यंत धुतली, उन्हात वाळवली, कोरड्या चिंध्या घातल्या. निपलचं भोक स्टोव्हच्या पिनेने, जोर न लावता, मोकळं केलं. पिन रेटली तर भोक मोठं होतं आणि मग धूर-आग मागे येते.

कारागिराकडे जाताना आबांनी परवाना, रिकामी बंदूक आणि नव्या टोप्यांची डबी अशा तिन्ही गोष्टी नेल्या. डबी नेणं महत्त्वाचं ठरलं. जुन्या निपलच्या आट्या कुठल्याच ठरावीक मापाच्या नव्हत्या, त्यामुळे नवं निपल त्याने आट्या जुळवून घडवलं आणि टोक त्या डबीतल्या टोपीच्या मापाने घासलं. टोपी बोटाने दाबली की बुडापर्यंत बसते, आणि बंदूक उलटी केली तरी पडत नाही, एवढं त्याने समोर करून दाखवलं.

घरी आल्यावर काही सवयी लावून घेतल्या. टोप्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह, चुलीपासून आणि दारूपासून लांब. भरण्याआधी रिकाम्या बंदुकीची नळी जमिनीवरच्या वाळल्या गवताजवळ धरून एक टोपी वाजवायची. गवत हललं तर वाट मोकळी. त्यात एक टोपी खर्च होते, पण भोकातला तेलाचा अंशही जळून जातो. बार नाही उडाला तर नळी आहे त्याच दिशेला धरून निदान दोन मिनिटं थांबायचं, मगच निपलला हात लावायचा. पोरांना टक्‌टक् बंद. घोडा वाजवून बघायचाच असेल तर निपलवर चामड्याचा तुकडा ठेवायचा.

परिणाम

उरलेल्या रब्बीत बार दगा न देता उडाले. उशिरा बार एकदाही झाला नाही. बंदुकीपुरतं काम फत्ते झालं.

शेतापुरतं मात्र अर्धंच. पहिले काही दिवस आवाज झाला की डुकरं नाला ओलांडून पळायची. पुढे ती नाल्यापर्यंत जाऊन थांबू लागली आणि तासाभराने परत येऊ लागली. नुसत्या आवाजाची भीती जनावर लवकर विसरतं. मुलाने मग शेजारच्या दोन शेतकऱ्यांना धरून सौर झटका मशीन घेतलं आणि नाल्याकडची बाजू तारेने बंद केली. झटका मशीनची तार क्षणभर झटका देऊन सोडते. कुंपणात सरळ लाइनचा करंट सोडणं वेगळं. त्याने माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे. आता तार मुख्य आणि बंदूक जोडीला. तार तोडून कळप आत आलाच तर आबा बार काढतात.

वेगळं काय करता आलं असतं

जमा करण्याआधी बंदुकीला तेलाचा पातळ हात पुरला असता, आणि परत आल्यावर भरण्याआधी निपल काढून पुसलं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं. नवी डबी घेताना जुनी एक टोपी सोबत नेऊन माप जुळवायला हवं होतं. दारू आणि टोप्या परवान्यावरच मिळतात, दुकानदारही त्याच वेळी समोर असतो. तिथे विचारायला काही लागत नाही.

डुकरांनी पहिल्यांदा हरभरा उकरला त्याच दिवशी वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यायला हवा होता. कुटुंबाचं सगळं लक्ष बंदुकीवर राहिलं, नुकसानभरपाईचा अर्ज उशिरा गेला आणि पहिल्या दोन रात्रींचं नुकसान कागदावर आलंच नाही.

आणि एक गोष्ट मला अजून खटकते. आबांच्या परवान्यावर मुलगा बार काढत होता. गावात सगळेच तसं करतात म्हणून कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं. पण परवाना आबांचा आहे, घराचा नाही. उशिरा उडालेल्या त्या बाराने कुणाला लागलं असतं तर बाप आणि मुलगा दोघेही अडकले असते. हे सांगितल्यावर आबा बराच वेळ गप्प बसले आणि मग मुलाला म्हणाले, "तू आपला रीतसर अर्ज कर." २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नव्या अर्जदाराला शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. ते घेऊन अर्ज दाखल झाला आहे आणि सध्या पोलीस पडताळणीच्या टप्प्यावर आहे. तोवर बंदुकीला हात फक्त आबांचा. झटका मशीनची बॅटरी आणि तारेवर वाढणारं गवत हे काम मुलाकडे आहे.